इन्सुलिन पंपाची साइट सारखी दुखते, नाहीतर दुसऱ्या दिवशी शुगर चढते? सेटला शिव्या घालण्याआधी जागा तपासा

सेट (पंपातून अंगापर्यंत इन्सुलिन नेणारी ट्यूब आणि तिचं चिकटणारं टोक) नवा, इन्सुलिन नवं, पंप गप्प बसलाय, एकही अलार्म नाही, तरी शुगर काही खाली यायचं नाव घेत नाही. नाहीतर शुगर बरी आहे पण साइट, म्हणजे सेट अंगात घातलेली जागा, अशी ठणकतेय की त्या कुशीवर झोपता येत नाही. टाइप १ डायबिटीस आणि ट्यूबवाला पंप असलेल्या घरांत ही रड कायमची. मी स्वतःच्या अंगावर हे कितीदा निस्तरलंय, ओळखीतल्या मुलांच्या आयांबरोबर बसूनही निस्तरलंय, आणि माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा पंप बिचारा निर्दोष असतो, सेटही ठीक असतो, जागा चुकलेली असते. आणि जागा चुकते म्हणजे माहितीपत्रकातल्या चित्राप्रमाणे चुकते असं नाही. चित्रातल्या माणसाने नाडीची सलवार घातलेली नसते आणि तो जेवायला मांडी घालून बसत नाही, तिथे सगळा घोळ होतो.

आधी लक्षणं

तुमचं यातलं नेमकं काय होतंय ते बघा, कारण त्यावरून पुढे कुठे शोधायचं ते ठरतं.

• सेट लावल्यावर दोन-तीन तासांतच शुगर चढायला लागते आणि करेक्शन बोलस (बोलस म्हणजे एकदम दिलेला डोस, जेवणासाठी किंवा चढलेली शुगर उतरवायला) देऊनही उतरत नाही. म्हणजे कॅन्युला (कातडीखाली जाणारी सेटची बारीक नळी) आत जातानाच दुमडलीय किंवा पुरती गेलीच नाहीये.
• पहिला दिवस झकास, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून गाडी घसरते. साइट ओढली गेलीय, किंवा जागा जुनी थकलेली आहे.
• बोलस जाताना चुरचुरतं, झोंबतं.
• वाकलं, बसलं, जिना चढला की टोचतं, एरवी नाही. कॅन्युला घडीत किंवा स्नायूजवळ आहे.
• साइटच्या आसपास ओलसर लागतं, इन्सुलिनचा तो दवाखान्यातला वास येतो.
• पॅचच्या कडा उचलल्या जातात, खाली खाज, लाल वण.
• एकाच जागेवर एकदा शुगर ४०० ला जाते आणि त्याच जागेवर दुसऱ्या वेळी तोच डोस देऊन लो होतं, म्हणजे शुगर फार खाली जाते. हे लक्षण दिसलं तर थेट खाली गाठींच्या भागावर जा.

थांबा, वाचायच्या आधी एक काम

आत्ता या क्षणी शुगर २५० च्या वर आहे, करेक्शन देऊन तासा-दोन तासांनी परत बघितली तरी २५० च्या वरच आहे, तर ही पोस्ट नंतर वाचा. किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारे घातक पदार्थ) तपासा, पुढचं करेक्शन इन्सुलिनच्या पेनने किंवा सिरिंजने द्या, पंपाने नाही, आणि सेट नवीन जागी लावा, रिझर्व्हॉयरसकट (पंपातली इन्सुलिनची टाकी). पंपात फक्त फास्ट इन्सुलिन असतं (लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट, ग्लुलिसिन यातलं कुठलंतरी), लांब पल्ल्याचं इन्सुलिन अंगात साठलेलं नसतं, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांतच किटोन व्हायला लागतात. पेनवाल्यांना जेवढी उसंत मिळते तेवढी आपल्याला मिळत नाही.

आणि सिरिंज वापरताना टोपीचा रंग बघा. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन्ही ताकदीचं इन्सुलिन विकलं जातं, लाल टोपी ४० ची, केशरी टोपी १०० ची. पंपाचं इन्सुलिन १०० चं. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ते १० च्या रेघेपर्यंत ओढलंत तर अंगात २५ युनिट जातात. रात्री दोन वाजता घाईत हे होऊ शकतं, म्हणून घरात केशरी टोपीवाल्याच ठेवा, लाल ठेवूच नका.

पहिली तपासणी, फुकटातली: बघा, हात लावा, वास घ्या

शर्ट वर करा आणि साइट नीट उजेडात बघा. पॅच चारी बाजूंनी चिकटलाय का, मध्ये फुगलाय का, ट्यूबचा जोड पूर्ण बसलाय का, कॅन्युलाच्या तोंडाशी किंवा ट्यूबमध्ये रक्त दिसतंय का. बोट फिरवून ओल लागते का बघा आणि बोटाचा वास घ्या. हे सगळं एका मिनिटाचं काम आहे पण लोक ते सोडून आधी पंपाच्या मेनूत शिरतात.

हे का करायचं, तर पंपाचा ब्लॉकेजचा अलार्म दाबावर चालतो. ट्यूबमध्ये दाब पुरेसा वाढला तरच तो वाजणार. बेसल (दिवसरात्र थोडं थोडं जात राहणारं इन्सुलिन) जितका कमी तितका दाब हळू वाढतो, म्हणजे ताशी ०.१ युनिटवर असलेल्या छोट्या मुलामध्ये अलार्म वाजायला कित्येक तास लागू शकतात. आणि गळती असेल तर अलार्म कधीच वाजणार नाही, कारण पंपाच्या दृष्टीने इन्सुलिन मस्त बाहेर पडतंय, ते तुमच्या अंगात जातंय की बनियनमध्ये हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक हे डोक्यातून काढून टाका.

सेट काढायची वेळ आली की काढलेला सेट लगेच केराच्या टोपलीत टाकू नका. कॅन्युला बघा. सरळ आहे, टोकाला वाकलीय, की मधोमध मोडून पॅचखाली आडवी झोपलीय? वाकलेली असेल तर एकतर घालताना गडबड झाली किंवा ती जागा कॅन्युलाला नकोय. सरळ आणि स्वच्छ असूनही शुगर चढत होती तर संशय जागेवर, इन्सुलिनवर किंवा डोसवर.

दुसरी, ही पण फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाची: कपड्यांचे वळ

रोजचे कपडे घालून रोजच्यासारखा दिवस काढा. संध्याकाळी कपडे बदलताना आरशासमोर उभं राहा आणि कमरेवर, पोटावर, मांडीवर कपड्यांचे जे वळ उठलेत ते बघा. परकराच्या नाडीचा वळ, जीन्सच्या कमरेचा, लेगिंग्जच्या इलॅस्टिकचा, मुलांच्या शाळेच्या पॅंटचा आणि बेल्टचा. साध्या बॉलपेनने त्यांच्या वरखाली बोटभर अंतरावर रेघ मारा. आता स्टुलावर बसा, पोटाची घडी कुठे पडते तिथे रेघ. मग खाली मांडी घालून बसा, घडी थोडी सरकते, तिथेही. ज्यांच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे त्यांनी उकिडवं बसून मांडी आणि पोट कुठे भिडतात तेही बघा. एवढ्या रेघा मारून झाल्या की जो भाग रिकामा उरतो तो तुमचा. अंग थोडं विचित्र दिसतं पण अंघोळीला जायच्या आधी फोटो काढून ठेवा, फार कामाला येतो.

तो उरलेला भाग बऱ्याच जणांचा अपेक्षेपेक्षा छोटा निघतो आणि मग उजेड पडतो की दर वेळी साइट दुसऱ्या दिवशीच का रुसते. वळाखाली लावलेली कॅन्युला दिवसभर थोडी थोडी हलत राहते, तिथली कातडी चिडते, सूज येते, शोषण बिघडतं. एकदम उपटून निघाली तर निदान कळतं तरी, ही हळूहळू बिघडणारी साइट कळत नाही.

बायकांसाठी जरा जास्त लिहिते कारण यावर कोणी बोलत नाही. साडीत परकराची नाडी घट्टच बांधावी लागते, आणि नाडीची गाठ ज्या बाजूला तिथे दाब डबल. गाठ उजवीकडे येत असेल तर साइट डावीकडे, शिवाय नाडीच्या रेषेपासून चार बोटं वर किंवा चांगली खाली. निऱ्या खोचतो त्या जागेच्या मागे साइट अजिबात नको, निऱ्या सरकल्या की आपण परत खोचताना बोटं सरळ ट्यूबमध्ये अडकतात. नऊवारीत कासोटा मागे खोचलेला असतो त्यामुळे कुल्ल्यावरची साइट बाद, तेव्हा दंड किंवा पोटाचा वरचा भाग. लग्नाकार्यात दिवसभर साडी असेल तर आदल्या दिवशीच सेट बदलून जागा ठरवून घ्या, ऐन हळदीच्या वेळी बाथरूममध्ये इन्सर्टर (सेट अंगात घालायचं साधन) घेऊन उभं राहायची पाळी येऊ देऊ नका.

छोट्या मुलांचं वेगळंच. ती संडासला जाताना पॅंट एका झटक्यात खाली ओढतात आणि त्याबरोबर सेट. कमरेच्या बाजूला साइट असेल तर हे होणारच. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागावर, इलॅस्टिकच्या बरंच खाली लावली तर टिकते, आणि मुलाला ती दिसत नाही म्हणून तो तिला खाजवतही नाही. शाळेच्या बाकावर टेकून बसल्यावर पाठीमागे पट्टी कुठे लागते ते मात्र मुलाला विचारा, त्यालाच माहीत असतं.

तिसरी: अंतरं आणि नोंद

अंतरं पाठ असू द्या. बेंबीपासून ५ सेंमी लांब. मागच्या साइटपासून किमान अडीच सेंमी लांब. अंगावर शुगर मोजणारा सेन्सर लावत असाल तर त्याच्यापासून किमान ५ सेंमी. जुने टाके, ऑपरेशनचा व्रण, तीळ, हाडाचं टोक, जखम यावर नाही. टेफ्लॉनची मऊ कॅन्युला साधारण दोन ते तीन दिवस, स्टीलची सुई असलेला सेट दोन दिवस, त्यापुढे ताणायचं नाही, मग कितीही छान चालू असू दे. मला माहितेय सेट महाग आहेत आणि चौथा दिवस ढकलायचा मोह होतो. पण ताणलेली प्रत्येक साइट त्या जागेचं पुढचं आयुष्य कमी करते, आणि जागा काही मेडिकलमध्ये विकत मिळत नाही.

नोंद म्हणजे फार काही नको. फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात तीन अक्षरं: "डा पो व" म्हणजे डावं पोट वर. बाजूला साइट कशी गेली, ठीक किंवा वाईट. दोन महिने हे केलंत की कुठली जागा सारखी वाईट जाते ते स्वतःच दिसतं. ज्याला "माझ्या लक्षात राहतं" असं वाटतं तो हमखास उजव्या हाताला सोयीच्या तीन जागांवरच फिरत असतो.

चौथी: कातडी, घाम, तेल

पॅच सुटतो तेव्हा कॅन्युला मिलिमीटरभर जरी वर आली तरी ती वाकायला किंवा गळायला तेवढं पुरतं, म्हणून ही तपासणी नुसती दिसण्याची नाही. साइट लावायच्या जागी तेल, क्रीम, पावडर काही नको. साध्या साबणाने धुवा, मॉइश्चरायझरवाल्या नाही, कारण त्याचा थर राहतो. मग स्पिरिटचा स्वॅब आणि तो पूर्ण वाळू द्या, फुंकर मारू नका, पदराने पुसू नका. ओल्या स्पिरिटवर सुई गेली की झोंबतं, आणि ओल्यावर पॅचही नीट चिकटत नाही.

दिवाळीत अभ्यंगस्नान असतं तेव्हा दर वर्षी कोणाचा ना कोणाचा सेट निसटतोच. सोपा उपाय, सेट बदलायचा दिवस असा धरा की जुना सेट तेल लावायच्या वेळी काढता येईल, आंघोळ झाल्यावर ती जागा साबणाने दोनदा धुवून, वाळवून नवीन. तेच तेल मात्र पॅच काढताना कामाचं, कडेने खोबरेल लावा, पाच मिनिटं थांबा, पॅच कातडी न ओढता सुटतो.

मुंबई-कोकणात घामाने आणि पावसाळ्यात दमटपणाने कडा सुटतात. पॅचवरून पारदर्शक ड्रेसिंग, टेगाडर्मसारखं, मेडिकलमध्ये मिळतं, ते लावा. फक्त कडांवर चिकटपट्टीच्या चार पट्ट्या लावल्या तरी बरंच भागतं. खाज आणि पॅचच्या आकाराची लाली दर वेळी येत असेल तर गोंदाची अ‍ॅलर्जी असू शकते, तिथे घरगुती प्रयोग थांबवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पाचवी: गाठी. इथे वेळ काढून वाचा

एकाच भागात इन्सुलिन पुनःपुन्हा गेलं की तिथली चरबी फुगते, घट्ट होते. डॉक्टर त्याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात, आपण गाठ म्हणू. गंमत अशी की गाठीच्या जागी दुखत नाही, सुई घालताना कमी कळतं, त्यामुळे माणूस आणि विशेषतः मूल तीच जागा मागतं. "आई, इथेच लाव, इथे दुखत नाही." म्हणजे आरामदायक जागा हवी म्हणून आपण नेमकी सगळ्यात वाईट जागा निवडत असतो. गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा शोषलं जातं, कधी कमी, कधी अडकून बसतं आणि नंतर भलत्या वेळी सुटतं. डोस, जेवण, व्यायाम सगळं सारखं असूनही शुगर ४०० आणि लगेच दुसऱ्या दिवशी ६० हे त्यामुळे.

गाठ डोळ्याने कमी आणि बोटाने जास्त कळते. आंघोळीच्या वेळी पोटाला साबण लावा, म्हणजे बोटं सरकतात. तीन बोटं सपाट ठेवून हलक्या दाबाने गोल फिरवत बेंबीपासून कमरेपर्यंत या. चांगली जागा सगळीकडे सारखी मऊ लागते. गाठ असेल तर नीट न मळलेल्या कणकेत मध्येच घट्ट गुठळी लागावी तसं बोटाला अडतं. मग चिमटीत धरून बघा, चांगली कातडी पातळ चिमटीत येते, गाठीची जाडजूड येते. जोरात दाबू नका, जोरात दाबलं की खालचा स्नायू लागतो आणि फरक कळत नाही. मग आडव्या उजेडात, म्हणजे खिडकीला बाजू करून, उभं राहून बघा, एका बाजूला हलका फुगवटा दिसतो का. हे महिन्यातून एकदा करा. मुलांचं तुम्ही करा, मोठ्या माणसांनी दंडाच्या मागचं आणि कुल्ल्याचं घरच्यांकडून करून घ्यावं.

सापडलेल्या गाठीभोवती बॉलपेनने गोल काढा आणि त्या भागाला सुट्टी द्या. दोन-तीन महिने तरी, मोठी गाठ असेल तर अजून जास्त. मध्येच "आता बरी वाटतेय" म्हणून परत जायचं नाही, बोटाला पूर्ण मऊ लागेपर्यंत थांबायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाठीवरून ताज्या जागेवर गेलात की तेवढंच इन्सुलिन एकदम नीट लागू पडतं. गाठीच्या हिशोबाने वाढवत नेलेला बेसल आणि बोलस मग जास्त होतात, आणि लो येतं, बऱ्याचदा रात्री. म्हणून जागांचं पूर्ण रोटेशन (आळीपाळीने जागा बदलायचा क्रम) बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, सांगा की गाठी सापडल्यात आणि जागा बदलतोय, डोस किती कमी करायचा. पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा, उशाशी साखर किंवा ग्लुकोज ठेवा. मुलांच्या बाबतीत तर स्वतःच्या मनाने करूच नका.

सहावी: दुसरी जागा वापरून बघा

पोट सगळ्यांचं लाडकं, कारण दिसतं, हात पोचतो आणि तिथून शोषण सगळ्यात जलद. दंड मधला, मांडी आणि कुल्ला हळू. आताच्या फास्ट इन्सुलिनमध्ये हा फरक कमी झालाय पण गेलेला नाही, म्हणून पोटावरून मांडीवर गेलात आणि जेवणानंतरची शुगर जरा जास्त वेळ वर राहिली तर लगेच सेट खराब समजू नका.

कुल्ल्याचा वरचा बाहेरचा चतकोर हा माझा आवडता. चरबी भरपूर, हालचाल कमी, बसल्यावर वजन त्यावर येत नाही (खालच्या भागावर येतं, तिथे नाही लावायचं). अडचण एकच, स्वतःला नीट दिसत नाही, आरसा किंवा घरातलं माणूस लागतं. कमरेची बाजू, जिथे चिमटीत वळकटी येते, तीही छान पण वळ बघून. मांडीची बाहेरची बाजू, वरच्या अर्ध्यात, हडकुळ्या लोकांना त्रास देते, आणि धावणं, सायकल, ट्रेक असेल त्या दिवशी तिथून इन्सुलिन भराभर शोषलं जाऊन लो येऊ शकतं. सिंहगड चढायचाय त्या दिवशी मांडीवर साइट नको. दंडाची मागची बाजू मुलांना चालते पण लोकलमध्ये घासली जाते आणि ट्यूब बाहीतून काढून पंपापर्यंत आणणं हा एक कुटाणा आहे, लांब ट्यूब लागते. गरोदरपणात पोट ताणलं गेलं की शेवटच्या महिन्यांत कमरेची बाजू किंवा कुल्ला बरा, पण ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून.

नवीन जागा सकाळीच लावा, जेवणाच्या बोलसच्या आधी. बोलस गेला की कॅन्युलाचं तोंड मोकळं होतं आणि तासा-दोन तासांनी शुगर बघून कळतं काम करतेय की नाही. रात्री झोपताना बदललेला सेट फसला तर ते पहाटे कळतं, तोवर किटोन झालेले असतात.

आत घालताना दोन गोष्टी. इन्सर्टर कातडीवर नुसता टेकवा, दाबून धरू नका, दाबलं की कातडी खाली जाते आणि सुटल्यावर उसळते, कॅन्युला अर्धवट राहते. हडकुळ्या मुलाची कातडी हलकी चिमटीत उचलून धरा. सुईचीच भीती असेल तर लिग्नोकेन-प्रिलोकेनचं सुन्न करणारं क्रीम डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावता येतं, पण नंतर साबणाने पूर्ण धुवायचं, नाहीतर पॅच चिकटत नाही. बर्फ पण चालतो, ओल पुसून घ्या.

बोलस जाताना चुरचुरत असेल आणि डोस मोठा असेल तर काही पंपांत बोलसची गती कमी करता येते, ती करून बघा. कमी केल्यावर थांबलं तर जागा ठीक आहे, आपलं कोडं सुटलं.

सातवी, थोडक्यात: इन्सुलिन आणि बुडबुडे

फ्रिजमधून काढलेलं थंड इन्सुलिन तसंच रिझर्व्हॉयरमध्ये भरलं की गरम होताना बुडबुडे सुटतात. आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे पंप उन्हात, स्कूटरच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला असेल तर साइटवर खापर फोडू नका, इन्सुलिनच बदला. दोन वेगवेगळ्या नव्या जागांवरही शुगर चढतेय तर इन्सुलिनची नवीन वायल (बाटली) काढून बघा.

आठवी, खर्चाची: सेटचा प्रकार

वरचं सगळं करूनही कॅन्युला वारंवार वाकलेलीच निघतेय तरच इथे या, कारण यात पैसे जातात आणि एजुकेटरच्या (डायबिटीसबद्दल शिकवणारा प्रशिक्षित माणूस) मदतीशिवाय करू नये. कातडीची जाडी बारीक असो की लठ्ठ, साधारण दोन-अडीच मिमीच असते, त्यामुळे सरळ जाणारी ६ मिमीची कॅन्युला बहुतेकांना पुरते. चरबी जास्त असेल आणि ६ ची सारखी गळत असेल तर ९ विचारा. उलट हडकुळ्या मुलाला ९ ची दिली असेल तर ती स्नायूत टेकते, म्हणून वाकताना टोचतं. फारच बारीक अंग किंवा खूप हालचाल असेल तर तिरकी जाणारी कॅन्युला असते, १३ किंवा १७ मिमीची, ती हाताने घालायला शिकावी लागते. आणि कॅन्युला वाकायचं दुखणं कायमचं असेल तर स्टीलच्या सुईचा सेट, तो वाकतच नाही, फक्त दर दोन दिवसांनी बदलायचा आणि निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर विचार करून.

प्रकार बदललात की पंपातला कॅन्युला भरायचा आकडाही बदलतो. त्याच सेटच्या ६ मिमीला ०.३ युनिट आणि ९ ला ०.५ असं असतं, स्टीलला काहीच नाही. बॉक्सवरच्या कागदात बघून टाका. बॉक्स एकदम पाचसहा मागवू नका, एजुकेटरकडे एखादा सुटा सेट मागा, लावून बघा, मग ठरवा.

कधी हात टेकायचे आणि फोन लावायचा

साइटभोवती लाली पसरत चाललीय, हाताला गरम लागतंय, कडक झालंय, पू येतोय, ताप आहे, यातलं काहीही असेल तर सेट काढा, दुसरीकडे लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद लावून वाट बघायची ही केस नाही.

रक्तातले किटोन ०.६ च्या वर असतील तर लक्ष ठेवा, पाणी प्या, पेनने करेक्शन द्या आणि परत तपासा. १.५ च्या वर तर डॉक्टरांना फोन, रात्र असली तरी. ३ किंवा जास्त, किंवा उलट्या, पोटात दुखणं, धाप, गुंगी, यातलं काहीही असेल तर आकड्याची वाट न बघता हॉस्पिटल. रक्ताची पट्टी नसेल तर लघवीची चालेल, ती स्वस्त असते, घरात ठेवाच, त्यावर मध्यम किंवा जास्त रंग आला तरी फोन.

सलग दोन सेट वेगवेगळ्या जागी फसले तर तिसरा लावायच्या आधी एजुकेटरशी बोला, तोवर पेनवर राहा. पेनवरचा लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा डोस किती हे आत्ताच, सगळं ठीक असताना, डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

पंपाने स्वतःच्या बिघाडाचा अलार्म दिला, पंप पडला, भेग गेली, पाणी शिरलं, तर उघडून बघू नका, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. आणि बेसल बदलायचा तर तो डॉक्टरांनीच, साइटचा प्रश्न सुटलाय याची खात्री झाल्यावर. जागा खराब असताना वाढवलेला बेसल नंतर गळ्याशी येतो.

भेटीला जाताना फ्रिजवरचं कॅलेंडर, वळांचा तो फोटो, आणि फसलेले दोन-तीन सेट सुई काढून झाकणाच्या डबीत, वर तारीख लिहून घेऊन जा. नुसतं "शुगर चढते हो" सांगण्यापेक्षा वाकलेली कॅन्युला समोर ठेवली की एजुकेटरचं काम सोपं होतं.